मासळीचा बर्फ

"ये क्या टपक रहा है मॅडम? मेरा पूरा पैंट गीला कर दिया."

समोरच्या सीटवरचा माणूस रात्रपाळी संपवून घरी चालला होता. भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर कापसाचे तंतू चिकटलेले. हेमालीने पायाशी ठेवलेलं गोणपाटाचं गाठोडं स्वतःकडे ओढलं. त्यातून निघालेली थंड पाण्याची धार सिक्स सीटरच्या पत्र्यावरून वाट काढत त्याच्या चपलेखाली गेली होती.

"बरफ है भाई. थोडा पाँव ऊपर लो."

"बरफ? शादी है क्या घर में?"

"स्कूल है."

"स्कूल में बरफ का क्या काम?" त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मान टाकून झोपला. रात्रभर लूमसमोर उभा राहिलेला माणूस कुठेही झोपतो.

"दादा, जरा जोरात घ्या ना," हेमाली ड्रायव्हरला म्हणाली.

"मॅडम, रस्ता बघा आणि मग बोला."

अंजूरफाट्यापासून खारबावकडे जाणारा तो रस्ता म्हणजे खड्ड्याला खड्डा जोडून केलेलं काम. प्रत्येक खड्ड्याला गाठोडं आपटायचं आणि हेमाली ते पायांत आणखी घट्ट धरायची. मार्च महिना, सकाळचे साडेनऊ, आणि आत्ताच पत्रा तापायला लागला होता. साहेब अकराला येणार होते. अकरापर्यंत बर्फ टिकला पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात चाललं होतं.

हेमाली लडकू शेलार, बी.एस्सी. बी.एड., शिक्षणसेवक. शिक्षक म्हणायचं नाही, सेवक म्हणायचं. सरकारनेच तसं ठरवलेलं आहे. तीन वर्षं सेवा करायची, मग संस्थेने शिफारस केली, तपासणीच्या साहेबांनी शेरा बरा दिला, तर माणूस शिक्षक होतो. हेमालीची तीन वर्षं येत्या जूनला भरत होती. अकलोलीच्या तिच्या घरात गेली तीन वर्षं प्रत्येक वाक्य एकाच ठिकाणी येऊन थांबायचं. पुढच्या पडवीचे पत्रे बदलायचेत? परमनंट झाली की. भाऊ दीपेशला कॉलेजला घालायचंय? परमनंट झाली की. हेमालीचं लग्न? तेही परमनंट झाली की. बाप लडकू आधी एका सायझिंगमध्ये बॉयलरवर होता, सूत खळीतून काढून वाफेवर वाळवतात तिथे. तिथली वाफ आणि धूर छातीत घेऊन तो घरी बसला. आता तो दिवसभर ओट्यावर खोकत बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "पोरगी यंदा परमनंट व्हतंय."

म्हणून तो बर्फ.

खरं तर बर्फ शेजारच्यांच्या फ्रिजमधून मिळायचा होता. आदल्या संध्याकाळी तिने चार ट्रे पाण्याने भरून ठेवले होते. पण रात्री जी वीज गेली ती सकाळपर्यंत आलीच नाही. पहाटे फ्रिज उघडला तर चारही ट्रेमध्ये पाणी, आणि पाण्यात शेजाऱ्यांच्या कालच्या भाजीचा वास. पहिली एसटी पकडून ती भिवंडीत उतरली आणि थेट मासळीबाजारात गेली. ठमाबाई तिच्या ओळखीची. दर रविवारी हेमाली तिच्याकडूनच बोंबील न्यायची.

"मावरं सोडून नुसता बरफ न्यायला आलेली तू पयलीच गो," ठमाबाई म्हणाली. "काय करतंस त्याचा?"

"पोरांना दाखवायचाय. वितळताना."

"वितलताना? मंग इथं आन पोरांना. माझा रोजच वितलतंय." ती हसली. पापलेटांच्या खालून तिने डोक्याएवढा एक तुकडा उपसला. "आज समदी पापलेटं तुमच्याच शाळेच्या केसरीनाथशेठकडं चालली. पावणे हायेत म्हनं कुनी मोठे."

"ते माझेच पाहुणे," हेमाली म्हणाली आणि घड्याळ बघितलं. ठमाबाईने बर्फ गोणपाटात घातला, सवयीने डब्यातली मूठ त्याच्यावर भुरभुरली, गाठ मारली. हेमालीचं लक्ष घड्याळात होतं.

शाळेच्या फाटकापाशी काशी उभीच होती. काशी शाळेची शिपाई. घंटा तीच द्यायची, चहा तीच करायची आणि कुणाच्या घरी काय शिजतंय तेही तिलाच ठाऊक असायचं.

"आलीस? बाळाराम सर तापलेत. पोरांची हातांची तालीम घेतायत."

आठवीच्या वर्गात मुख्याध्यापक बाळाराम सर फळ्यापुढे उभे होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, घामाने पाठ ओली.

"पुन्हा सांगतो. साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. सगळ्यांनी! एकाचाही हात खाली दिसता कामा नये. ज्याला उत्तर येतंय त्याने उजवा. ज्याला येत नाही त्याने डावा. साहेबांना काय, हात दिसला म्हणजे झालं. मी उजवा हात बघून नाव घेणार. कळलं? भाविक, तुझा कुठला?"

"उजवा, सर."

"तुला येतंय?"

"न्हाय, सर. पन तुम्ही मला उत्तर आधीच सांगितलंय ना."

वर्ग हसला. सरांना हसता आलं नाही, कारण भाविक केसरीनाथशेठच्या पुतण्याचा मुलगा होता. संस्था म्हणजे केसरीनाथशेठ. शाळेची जागा त्यांची, बाजूची तीन गोदामं त्यांची, समोरच्या लूम त्यांच्या. शाळेला 'प्रयोगशाळा' अशी पाटी लावलेली एक खोली होती. तिच्यात त्यांच्या लूमवरच्या कापडाचे तागे छतापर्यंत रचलेले होते. तागे पावसाळ्यापुरते ठेवले होते म्हणे. किती पावसाळे, ते कुणी विचारलं नाही. शास्त्राचं सामान एका लोखंडी कपाटात वर्गाच्या मागे उभं होतं आणि ते फक्त तपासणीच्या दिवशी पुसायला उघडायचं.

हेमालीने कपाटातून चंचुपात्रं काढली, तापमापी काढली. एकच होती. घरून आणलेला टोप, काशीचा वातीचा स्टोव्ह, टेबलावर ओलं फडकं. गाठोडं तिने भिंतीच्या सावलीत ठेवून वर दोन गोणपाटं टाकली. आणि अकरा वाजले.

साहेब आले नाहीत.

साडेअकराला काशी बातमी घेऊन आली. "साहेबांची गाडी आली. पन इकडं न्हाय, बंगल्यावर गेली. चहा-नाश्ता."

"मग?"

"मग काय. नाश्ता झाला की बाग बघतील. शेठला बाग दाखवायला लय आवडतंय."

बाराला बाग झाली. मग शेठनी नवीन गोदामाची पायाभरणी दाखवायला नेलं, कारण शिक्षण खात्याच्या माणसाने गोदामाचा पाया बघितला नाही तर शिक्षण अपुरं राहतं. मुलं घामाने डबडबली होती. पंखा फिरत नव्हता, वीज सकाळपासून नव्हतीच. हेमाली दर थोड्या वेळाने भिंतीपाशी जायची, गोणपाट उचलायची, परत टाकायची. डोक्याएवढा तुकडा आता दोन मुठींएवढा राहिला होता. फरशीवर पाण्याचं तळं झालं होतं आणि वर्गभर मासळीचा वास सुटला होता.

"मॅडम, आज प्रयोग हाय का बाजार?" मागून कुणीतरी विचारलं.

"गप्प बसा."

"मॅडम, पापलेट कुठाय?"

ती चिडली नाही, कारण तिचं लक्षच नव्हतं. ती दारातून व्हरांड्यात जात होती, फाटकाकडे बघत होती, परत येत होती. बाळाराम सर ऑफिसच्या फोनवर बंगल्याचा नंबर लावून उभे होते. फोन ठेवून ते व्हरांड्यात आले.

"ताटं घेतलीत," ते म्हणाले.

"सर, बर्फ संपेल."

"संपणार कसा? झाकून ठेवा."

"झाकूनच ठेवलाय. बर्फ आहे तो."

"हे बघा शेलार मॅडम," सरांनी आवाज उतरवला. "तुमच्यासाठीच सांगतो. शेठची सून आहे ना, पूर्वी नावाची, तिचं बी.एड. झालंय यंदा. तुम्हाला माहीत आहे. त्यांना निमित्त पाहिजे. साहेबांचा शेरा चांगला पडला तर शेठ काही करू शकत नाहीत. आज धडा आदर्श झाला पाहिजे. साहेब आल्याशिवाय सुरू करू नका."

ते गेले. हेमाली वर्गात आली. पन्नास पोरं तिच्याकडे बघत होती. पहिल्या बाकावर तुळजा बसली होती, वीटभट्टीच्या वाटेवरच्या पाड्यातून चालत यायची ती. तिने सकाळपासून एकदाही तक्रार केली नव्हती. फक्त गोणपाटाकडे बघत बसली होती.

"मॅडम," तुळजा म्हणाली, "मी बरफ वितलताना कदी बघितलाच न्हाय. म्हंजे गोळा खाल्लाय, पन तो खाताना कोन बघतंय?"

हेमालीला अकलोलीचं कुंड आठवलं. शाळेत असताना तिने विचारलं होतं, जमिनीतून पाणी गरम कसं येतं, आणि किती गरम. मास्तर म्हणाले होते, देवीचं आहे, हात जोड. पुढे कॉलेजमधून एकदा तिने तापमापी चोरून आणली आणि कुंडात बुडवली. आई, सगळे तिला आक्का म्हणत, तिने बघितलं आणि किंचाळली, "मेले, देवीचा ताप बघतंस!" पण पारा वर चढताना हेमालीने बघितला होता. पुस्तकात वाचून तिला जे कधी आलं नाही ते त्या दिवशी आलं होतं. साधी गोष्ट. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की माणूस गप्प बसत नाही.

तिने गोणपाट उघडलं. उरलेला बर्फ गोणपाटातच गुंडाळून फरशीवर दोनदा आपटला आणि चुरा चंचुपात्रात ओतला.

"या सगळे पुढे. बाकं सरकवा. ढकलू नका."

"पन साहेब?" भाविकने विचारलं.

"साहेब जेवतायत. तू इकडे ये, तापमापी तू धर. खाली टेकवायची नाही, मध्ये धरायची. पारा कुठे जातो बघ आणि सांग."

पारा तिसाच्या पुढे होता. तो सरसर खाली उतरला. वीस. दहा. पाच. पोरं एकमेकांच्या खांद्यांवर चढली. "शून्य!" भाविक ओरडला. "मॅडम, शून्य झाला. संपला प्रयोग."

"संपला नाही. बघत राहा."

"मॅडम," भाविकचा आवाज बदलला, "यो तं शून्याच्या पन खालती चाललाय."

हेमालीने वाकून बघितलं. शून्याच्या खाली तीन. तिने तापमापी हातात घेतली, पुसली, पुन्हा घातली. पुन्हा खाली तीन. पुस्तकात लिहिलंय शून्य. गाइडमध्ये लिहिलंय शून्य. बी.एड.च्या पाठाच्या टाचणात तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं शून्य. तिने दाराकडे बघितलं. तापमापी बिघडली असेल. आत्ता साहेब आले तर?

"मॅडम, पुस्तकात काय लिवलंय ते लिवू?" एका मुलाने विचारलं. वही उघडून तो तयारच होता.

"नाही," ती म्हणाली. आपल्याच आवाजाने ती दचकली. "जे दिसतंय ते लिहायचं. उणे तीन दिसतंय ना? उणे तीन लिहा. मग का ते शोधू."

पोरं चंचुपात्राभोवती माना घालून उभी. कुणी म्हणालं बर्फ जुना आहे. कुणी म्हणालं माशांचं रक्त लागलंय म्हणून. कुणी म्हणालं, भाविकने मीटर उलटा धरला. तेवढ्यात तुळजाने सरळ बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"शी! मावऱ्याचा पानी प्यायली!"

"खारा हाय," तुळजा म्हणाली. "मॅडम, जाम खारा हाय यो."

आणि हेमालीला ठमाबाईची मूठ दिसली. डब्यातून आलेली, बर्फावर भुरभुरलेली. मीठ. मासळीवाल्या बर्फावर मीठ मारतातच, मासळी जास्त गार राहावी म्हणून. ती लहानपणापासून बघत आली होती आणि आज सकाळी तिला ते दिसलं नव्हतं. ती हसायला लागली. पोरांनी शेलार मॅडमना असं हसताना बघितलं नव्हतं. मग पोरंही हसायला लागली.

"धुवा," ती म्हणाली. "अर्धा बर्फ मडक्यातल्या पाण्याने धुवून घ्या. खळखळून. मीठ गेलं पाहिजे. आणि दुसऱ्या भांड्यात घाला."

धुतलेल्या बर्फात पारा उतरला आणि बरोबर शून्यावर येऊन उभा राहिला. काशीचा स्टोव्ह बारीक करून टोपाखाली ठेवला, टोपात पाणी, पाण्यात चंचुपात्र. भाविकने तापमापी धरून ठेवली. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. बर्फ कमी होत होता आणि पारा जागचा हलत नव्हता.

"मॅडम, मीटर मेला."

"मेला नाही. ढवळत राहा."

"पन आच लागतंय ना त्याला? टोप तापलाय, हात लावून बघा. मंग यो का चढत न्हाय?"

"तेच विचारतेय मी तुम्हाला. आच जाते कुठे?"

पोरं अजून पुढे वाकली. स्टोव्हची वात फुरफुरत होती. तुळजाचं कपाळ आक्रसलेलं.

"बरफ फोडायला जातंय," ती हळू म्हणाली. "आदी समदा बरफ फोडल, मंग पानी तापवल."

शेवटचा तुकडा नखाएवढा झाला, बोराच्या बी एवढा झाला, गेला. आणि पारा हलला. पोरांनी असा ओरडा केला की शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या. भाविक तर नाचायलाच लागला, तापमापी हातात घेऊन, आणि हेमालीने ती झडप घालून काढून घेतली. पुढे पाणी उकळेपर्यंत कुणी बाकावर गेलं नाही. बुडबुडे, वाफ, वर धरलेल्या स्टीलच्या ताटलीवर जमलेले थेंब. सगळं पोरांनीच केलं. खाऱ्या बर्फाचं पाणी तुळजाने एका फुटक्या काठाच्या बशीत ओतून खिडकीत ठेवलं.

"याचं काय करायचंय?" हेमालीने विचारलं.

"यो आटल तवा मीठ पन वर जातंय का ऱ्हातंय, ते बघाचंय."

हेमालीने तिच्याकडे बघितलं. धड्यात हा प्रश्न नव्हता.

दोन वाजून गेले होते. बाळाराम सर धावत आले. "आले! निघाले बंगल्यावरून! मांडा बर्फ!"

मग त्यांना टेबल दिसलं. ओलं फडकं, टोप, रिकामी चंचुपात्रं. सर हेमालीकडे वळले.

"मी सांगितलं होतं तुम्हाला."

"सर, राहिलाच नसता."

"काशी!" सर ओरडले. "टाकीतली तुरटी आण. मोठा खडा."

काशी पळाली. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत फिरवायचा तुरटीचा ओला खडा घेऊन आली. काचेसारखा पांढरा, कडा झिजलेला. बाळाराम सरांनी तो स्वतःच्या हाताने चंचुपात्रात ठेवला, भोवती पाणी ओतलं, तापमापी उभी केली, दोन पावलं मागे जाऊन डोळे बारीक करून बघितलं.

"बर्फच वाटतो. साहेब लांबूनच बघतात. पोरांनो, साहेबांनी विचारलं मीटर किती, तर शून्य. काय?"

पोरं खड्याकडे बघत राहिली.

"काय?"

"शून्य," दोनतीन आवाज.

सरांनी हेमालीकडे बघितलं. तिने बोलायला हवं होतं. ती बोलली नाही. पडवीचे पत्रे, दीपेशचं कॉलेज, ओट्यावर बसलेला बाप, सगळे तिच्या जिभेवर येऊन बसले होते. तिने फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'अवस्थांतर', आणि खाली रेघ ओढली. रेघ वाकडी आली.

साहेब आले. जेवण अंगावर आलेला माणूस जसा येतो तसे आले. मागे केसरीनाथशेठ, पांढरे कपडे, तोंडात पान. शेठनी वर्गाचा वास घेतला.

"कसला वास येतो हो, सर?"

"काही नाही शेठ, बाजूच्या शेतातून."

साहेब खुर्चीवर बसले. माणूस वाईट नव्हता. थकलेला होता आणि अजून दोन शाळा करायच्या होत्या. त्यांनी टेबलाकडे मान केली. "वा. प्रत्यक्ष प्रयोग. बर्फ कुठून आणलात एवढ्या उन्हात? बरं, मुलांनो, सांगा. या क्षणी तापमापीत किती तापमान आहे?"

वर्गातले सगळे हात वर गेले. एकही हात खाली नव्हता.

"छान! सगळ्यांना येतंय," साहेब म्हणाले.

बाळाराम सर नाव घ्यायला पुढे झाले आणि थांबले. हेमालीनेही बघितलं. सगळे हात डावे होते. तुळजाचा डावा. मागच्या बाकावरच्या उनाड पोरांचे डावे. भाविकचासुद्धा डावा, कोपरापासून ताठ, आणि तो सरळ त्या तुरटीच्या खड्याकडे बघत होता.

त्यांनी हे ठरवलेलं नव्हतं. ठरवायला वेळच कुठे मिळाला होता? जे दिसतंय ते लिहायचं असं तिनेच तासाभरापूर्वी सांगितलं होतं, आणि समोर जे दिसत होतं त्याचं उत्तर शून्य नव्हतं.

"भाविक, तू सांग," सरांनी घाईने म्हटलं. डावा तर डावा, निदान घरचा.

भाविक उठला. त्याने शेठ आजोबांकडे बघितलं, सरांकडे बघितलं. "मना न्हाय माहीत," तो म्हणाला आणि बसला.

शेठनी पान चघळणं थांबवलं.

हेमाली टेबलापाशी गेली. चंचुपात्रात हात घालून तिने खडा बाहेर काढला आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवला. त्याच्यातून पाणी ओघळून साहेबांच्या कागदांपर्यंत गेलं.

"ही तुरटी आहे, साहेब. तापमापीत एकतीस आहे. बर्फ होता, सकाळी साडेदहापासून होता. तुम्ही जेवत होतात. मुलांनी प्रयोग केला, सगळा केला, विचारा त्यांना."

साहेबांनी कागद उचलून रुमालाने टिपले.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "तुम्ही थांबायला हवं होतं."

"सायेब, पानी ऱ्हायलाय त्याचा," तुळजा खिडकीतून बशी घेऊन पुढे आली. "बघा. खारा हाय."

साहेबांनी घड्याळ बघितलं. बशी बघितली नाही.

शेरा पंधरवड्याने आला. बाळाराम सरांनी ऑफिसात बोलावून वाचून दाखवला. प्रत्यक्ष प्रयोग सादर झाला नाही. अध्यापनात नियोजनाचा अभाव. वरिष्ठांशी वर्तन अनुचित. तुरटीबद्दल एक अक्षर नव्हतं. संस्थेने शिफारस पाठवली नाही. वाचून झाल्यावर सर म्हणाले, "मी तुमच्यासाठीच केलं होतं ते सगळं," आणि ते खरं होतं, हे सगळ्यात वाईट.

घरी लडकू खोकला आणि आत जाऊन झोपला. बोलली ती आक्का. भाकरी थापता थापता, मान वर न करता.

"एवडी तुरटी व्हती तं ऱ्हाऊ द्यायची पान्यात. कुनाचं काय जात व्हतं?"

हेमालीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि तव्याकडे बघत बसली.

एप्रिलच्या शेवटी ती कपाटाची किल्ली द्यायला शाळेत गेली. शेठच्या सूनबाई, पूर्वी मॅडम, ऑफिसातच होत्या. नवी साडी, नवी पर्स, चेहऱ्यावर थोडी लाज. "तुम्ही रागावू नका हं," त्या म्हणाल्या. "मला विचारलंसुद्धा नाही कुणी. सासऱ्यांनी ठरवलं." हेमालीने किल्ली दिली. सामान मोजून दिलं. तापमापी एक, शाबूत.

"माझा टोप राहिलाय वर्गात," ती म्हणाली.

"मी आता तिकडेच चाललेय. बाळाराम सर म्हणाले ओळख करून घ्या. चला ना."

"तुम्ही व्हा पुढे."

हेमाली व्हरांड्यातच थांबली. काशीने आतून टोप आणून तिच्या हातात दिला. घासून लख्ख केलेला. "मीच घासला गो," काशी म्हणाली आणि पदराने उगाचच पुन्हा पुसला.

आत पूर्वी मॅडम मुलांशी बोलत होत्या. आवाज नवखा, जरा चढा. मग पावलं खिडकीकडे आली. खिडकीत ती फुटक्या काठाची बशी होती. पाणी केव्हाच आटलं होतं. तळाला पांढरा खरखरीत थर राहिला होता, कडेला जाड, मध्ये पातळ, वर खडूची धूळ.

"ही घाण बशी कुणाची? आणि हे पांढरं काय आहे हिच्यात?"

गजांच्या आडून हेमालीला वर्ग दिसत होता. हात वर गेले. पहिला तुळजाचा, मग भाविकचा, मग मागची रांग, सगळे.

सगळे उजवे.

पूर्वी मॅडमना हातांचं कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, "अरे वा. एकेकाने सांगा."

हेमालीने टोप काखेत घेतला आणि पायऱ्या उतरली. फाटकापाशी सिक्स सीटर उभी होती. मागून तुळजाचा आवाज येत होता, घाईघाईने, एकात एक शब्द अडकत, मासळीबाजारापासून सुरुवात करून.